वॉशिंग्टनची सही आणि मराठवाड्याची भाकर

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं. त्यानंतर तीनच दिवसांनी, ४ मे रोजी, वॉशिंग्टनमध्ये एका मराठी मंत्र्याने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसोबत एका करारावर सह्या केल्या. मंत्री होते स. का. पाटील, तीनदा मुंबईचे महापौर झालेले, संयुक्त महाराष्ट्राला कडाडून विरोध केलेले आणि त्या वेळी केंद्रात अन्नखातं सांभाळणारे. समोर होते ड्वाइट आयझेनहॉवर. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताने घ्यायचा आणि त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत चुकती करायची, असं ठरलं.

मराठवाडा तेव्हा नुकता सावरत होता. निजामाच्या राजवटीतून सुटून बारा वर्षंही पुरी झालेली नव्हती. नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतल्या माणसाचा आयझेनहॉवरशी काय संबंध? पण पुढची तेरा-चौदा वर्षं त्याच्या परातीत कोणतं पीठ पडेल, हे ठरवण्यात आयझेनहॉवर, केनेडी, जॉन्सन आणि निक्सन या चौघांचा वाटा होता. राष्ट्राध्यक्षांची चरित्रं लिहिणारे युद्धं मोजतात, भाषणं मोजतात, निवडणुका मोजतात. गोदाकाठच्या गावांत त्यांनी काय ठेवलं, याची नोंद मात्र कुणी फारशी घेतली नाही. ती आपणच घ्यायला हवी.

सुरुवात आयझेनहॉवरच्याही आधीची. १९५१ साली देशात टंचाई होती तेव्हा हॅरी ट्रुमन यांनी भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज देणाऱ्या कायद्यावर सही केली. अमेरिकी संसदेत त्यावर महिनोन् महिने काथ्याकूट झाला होता, कारण नेहरूंचं अलिप्ततेचं धोरण तिथे अनेकांना खुपत होतं. धान्य आणि परराष्ट्र धोरण यांची गाठ तिथेच पडली. मग १० जुलै १९५४ रोजी आयझेनहॉवर यांनी ‘पब्लिक लॉ ४८०’वर सही केली. तोच आपल्याकडचा ‘पीएल फोर-एटी’. अमेरिकेत तेव्हा गव्हाचे ढीग झाले होते, सरकारी गोदामांत जागा उरली नव्हती. तो माल बाहेर काढायचा, शेतकऱ्याचा भाव सांभाळायचा आणि मित्रदेशही जोडायचे, असा तिहेरी हिशेब होता. केनेडी आले आणि त्यांनी ‘शांततेसाठी अन्न’ या नावाने याच कार्यक्रमाचं स्वतंत्र कार्यालय थाटलं. माल तोच होता, गोणीही तीच होती.

आपल्या सरकारला हे धान्य सोयीचं पडलं. शहरांतली रेशन दुकानं भरली, महागाई आटोक्यात राहिली, परकीय चलन वाचलं. पण स्वस्त परदेशी गहू हाताशी असताना कोरडवाहू शेतकऱ्याला चार पैसे जास्त देण्याची आणि त्याच्या बांधापर्यंत पाणी नेण्याची घाई कुणाला राहणार? अर्थतज्ज्ञांनी यावर पुढे बरेच वाद घातले. मला विचाराल तर पीएल-४८०च्या त्या वर्षांत मराठवाड्याचं खरं नुकसान झालं ते इथे. दिल्लीची भूक बोटीवर भागत होती, म्हणून आमची विहीर थांबली.

ते धान्य इथवर यायचं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. मुंबईच्या गोदीत बोट लागायची. तिथून गोण्या मोठ्या रुळांवरून मनमाडला यायच्या. मनमाडपासून औरंगाबाद, परभणी, नांदेड असा सिकंदराबादकडे जाणारा निजामाच्या काळातला लोहमार्ग मीटर गेजचा होता, आणि नव्वदीच्या दशकापर्यंत तो तसाच राहिला. त्यामुळे मनमाडला प्रत्येक गोणी हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जायची. कॅन्सस किंवा टेक्सासातून निघालेलं धान्य हजारो मैल समुद्र ओलांडून आलेलं असायचं आणि शेवटच्या टप्प्यात रुळांची रुंदी जुळत नाही म्हणून खोळंबायचं. मराठवाड्याच्या मागासलेपणावर अहवाल पुष्कळ लिहिले गेले. मनमाडचा तो फलाट त्यांतल्या कुठल्याही अहवालाइतकाच बोलका होता.

आता १९६५ साल. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होते आणि जुन्या कराराची मुदत संपत आली होती. दिल्लीला वाटलं, नूतनीकरण होऊन जाईल. जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार करायला नकार दिला. धान्य मिळेल, पण थोडं थोडं, एकेक-दोन-दोन महिन्यांचं; आणि प्रत्येक खेप सोडण्याआधी राष्ट्राध्यक्ष स्वतः ठरवतील. दोन गोष्टी त्यांना हव्या होत्या. भारताने शेतीकडे गांभीर्याने पाहावं, ही एक. व्हिएतनाम युद्धावर भारताने टीका करू नये, ही दुसरी. पहिली मागणी रास्त होती. दुसरीसाठी भुकेचा वापर करणं, याला मी दंडेलीच म्हणेन.

त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. १९६४-६५ साली देशात सुमारे ८ कोटी ९० लाख टन अन्नधान्य पिकलं होतं, ते पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख टनांवर आलं. बिहारात दुष्काळाची चाहूल लागली, महाराष्ट्रातही कोरडवाहू पट्टा करपला. जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये बसून भारतातल्या पावसाचे नकाशे मागवून पाहत. कुठे पडला, कुठे नाही, याची त्यांना खडान् खडा माहिती असे. टेक्सासच्या कोरड्या मुलखात वाढलेला तो माणूस, त्याला पावसाची किंमत कळत होती. पण त्याच नकाशावर बोट ठेवून तो पुढची बोट सोडायची की थांबवायची हेही ठरवत होता. १९६६ साली भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केलं. बोटीतून उतरलेलं धान्य गोदामात न थांबता थेट तोंडात जात होतं.

लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं, ते याच दिवसांत. मराठवाड्याच्या दृष्टीने त्यांचं आणखी एक काम मोलाचं आहे. पाकिस्तानशी युद्धविराम होऊन महिनाही झाला नव्हता, वॉशिंग्टनहून धान्याची खेप येते की नाही अशी धाकधूक होती, आणि अशा वेळी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी शास्त्री पैठणला आले आणि त्यांनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. पुढच्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचं निधन झालं.

राज्यात मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. दोन वर्षांत महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर मला शनिवारवाड्यासमोर फाशी द्या, असं त्यांनी पुण्यात जाहीर सभेत सांगितलं. ते बोलणं टाळ्यांसाठी नव्हतं, त्यामागे संकरित ज्वारीचा भरवसा होता. ‘सीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली आला होता. त्याचा मादी वाण, कंबाइन काफिर-६०, अमेरिकेतून आणलेला. म्हणजे एका हाताने अमेरिका गोणी अडवत होती आणि दुसऱ्या हाताने गोणीची गरज संपवणारं बी देत होती. नाईकांनी ते बी गावोगाव पोचवलं. हायब्रीड ज्वारीची भाकर देशी मालदांडी ज्वारीच्या भाकरीपुढे बेचव लागे, काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणसं काळी पडत, म्हातारी माणसं नाकं मुरडत. पण एकरी उतारा जास्त होता, आणि पोरं उपाशी ठेवण्यापेक्षा बेचव भाकर बरी, हे बायांना पुरुषांच्या आधी कळलं.

तरीही १९७२ आलंच.

त्याच्या आदल्या डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध झालं. रिचर्ड निक्सन यांनी सातव्या आरमाराच्या नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवल्या आणि भारताची आर्थिक मदत रोखली. इंदिरा गांधींनीही ठरवलं होतं की सवलतीच्या धान्यासाठी पुन्हा हात पसरायचा नाही. आणि नेमका लागोपाठ तिसऱ्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस गेला. सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ला झाला. नांदेडला झळ त्या मानाने कमी, पण कमी म्हणजे नव्हती असं नाही.

दुष्काळी कामं निघाली. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते आणि सर्वांत जास्त खडी. गावाबाहेर माळावर दगडांचे ढीग पडायचे, त्यापुढे रांगेने बाया बसायच्या. हातोडी, पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी, शेजारी सावलीला बांधलेली पाटी किंवा लुगड्याची झोळी आणि तिच्यात तान्हं मूल. मुकादम मस्टर घेऊन फिरायचा, हजेरी लागायची. कामावर सुकडी हा कोरडा खाऊ वाटला जायचा. पोरं ओंजळ पुढे करून उभी राहायची. मे १९७३मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. जमीनवाले आणि बिनजमीनवाले, पाटलाची सून आणि महारवाड्यातली बाई, एकाच ढिगावर खडी फोडत होत्या. आपल्या समाजाच्या इतिहासात हे फार क्वचित घडलं आहे.

आणि रेशनच्या दुकानात आली मिलो. अमेरिकेची लाल ज्वारी. साठच्या दशकातही ती थोडीफार आली होती, पण मराठवाड्याच्या स्मरणात ती बसली ती बाहत्तरच्या साली. या खेपेस तो पीएल-४८०चा माल नव्हता, सरकारने रोख पैसे मोजून घेतला होता. दाणा बारीक, गोल, लालसर. पिठाला विरी नाही. उकळतं पाणी घालून मळलं तरी उंडा एकजीव होत नसे, थापायला घेतलं की कडेने भाकर चिरत जाई. तव्यावर टाकताना तिचे दोन तुकडे होत. गरम असताना कशीबशी उतरे, गार झाली की वाळलेल्या कातड्यासारखी. रंग पाहूनच पोरं तोंड फिरवत. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात ही गोष्ट खरी होती आणि ती गावोगाव पोचलीही होती. आज सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिला निक्सनचं नाव सांगता येणार नाही, पण मिलोची भाकर थापताना बोटांना काय जाणवायचं ते ती हात हवेत फिरवून दाखवेल.

पुढच्या वर्षी सोव्हिएत रशियाने २० लाख टन गहू उसना दिला. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी पीएल-४८०चा हिशेबही मिटला. इतक्या वर्षांत भारताने भरलेले रुपये रिझर्व्ह बँकेत अमेरिकेच्या नावावर साठले होते. त्यांतला मोठा हिस्सा, १,६६४ कोटी रुपयांचा एक धनादेश, अमेरिकेचे राजदूत मॉयनिहान यांनी भारत सरकारच्या हाती दिला. जगातला तोवरचा सर्वांत मोठा धनादेश म्हणून त्याची नोंद झाली.

काँग्रेस गवताबद्दल, म्हणजेच गाजर गवताबद्दल, इथे बोललं पाहिजे, कारण मराठवाड्यात अमेरिकेच्या गव्हाचा विषय निघाला की कुणीतरी बांधावरच्या त्या पांढऱ्या फुलांकडे बोट दाखवतोच. गाजर गवत पीएल-४८०च्या गव्हातून आलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याचा गाजावाजा पुण्यात १९५५च्या सुमारास झाला. पीएल-४८०चा भारताशी पहिला करार मात्र ऑगस्ट १९५६चा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या भारतीय नोंदींतही ते झाड सापडलं आहे. आधीच्या, ट्रुमनच्या काळातल्या गव्हातून बी पसरलं असू शकतं. पण आयझेनहॉवरच्या कराराने ते आणलं, हा आरोप तारखांपुढे टिकत नाही. लोकांनी तो इतका घट्ट धरून ठेवला, यावरून त्या गव्हाने मनावर किती खोल ओरखडा काढला होता ते मात्र समजतं.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं सगळंच देणं असं बोचरं नव्हतं. ज्या वर्षी मिलो आली त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकाच छताखाली ठेवणारी आपली कृषी विद्यापीठं ज्या धर्तीवर उभी राहिली, तिचा उगम २ जुलै १८६२च्या कायद्यात आहे. यादवी युद्ध पेटलेलं असताना अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली होती: प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यायची आणि तिच्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं काढायची. लिंकनच्या काळाशी मराठी माणसाचं नातं तसं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकी जनतेला. पण परभणी विद्यापीठाच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण बाहेर पडला आणि वर्षानुवर्षं कोरडवाहू शेतकऱ्याच्या भरवशाचा ठरला, यामागेही लिंकनच्या त्या सहीचा दूरचा धागा आहे.

नदीखोऱ्याचा एकसंध विकास ही कल्पनाही अशीच आली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ साली टेनेसी खोऱ्यासाठी प्राधिकरण काढलं. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच धर्तीवर दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. नदीला एका राज्याच्या, एका तालुक्याच्या चष्म्यातून पाहायचं नाही, हा विचार आपल्याकडे त्यांनी रुजवला.

गोदावरीवर ते काम अंगावर घेतलं शंकरराव चव्हाणांनी. १४ जुलै १९२०चा पैठणचा जन्म, कर्मभूमी नांदेड. नगराध्यक्ष झाले, मंत्री झाले, साठच्या दशकात पाटबंधारे खातं बराच काळ त्यांच्याकडे होतं. स्वभाव करडा, खात्यातले अधिकारी त्यांना हेडमास्तर म्हणत. जायकवाडीला नगर-नाशिककडून विरोध होता, धरणाखाली शंभराहून अधिक गावं जाणार होती, तरी ते मागे हटले नाहीत. बुडालेल्या गावांच्या पुनर्वसनाचं दुखणं पुढेही राहिलं, ते विसरून त्यांचा गौरव करणं बरोबर नाही. २१ फेब्रुवारी १९७५ला ते मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला आंध्र प्रदेशशी गोदावरीच्या पाण्याचा करार झाला: पैठणपर्यंतचं पाणी महाराष्ट्राचं आणि त्याखालच्या भागात नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी (अब्ज घनफूट). पुढच्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचं उद्घाटन झालं.

त्या ६० टीएमसीचं चीज करायचं तर पैठणखाली नदी अडवायला हवी होती. पण नांदेडजवळ गोदावरी खोल वाहते आणि शेतं वर राहतात. नुसता बंधारा घालून पाणी कालव्यात चढत नाही. म्हणून शहराच्या वरच्या अंगाला, काळेश्वराच्या देवळाजवळ, विष्णुपुरीला दरवाजांचा बंधारा बांधायचा आणि अडलेलं पाणी पंपांनी उपसून कालव्यात टाकायचं, असं ठरलं. जायकवाडीत पाणी उताराने जातं, इथे ते विजेने उचलावं लागतं. त्यामुळे खर्च जास्त, देखभाल किचकट. मुंबईत हिशेब मांडणाऱ्यांना हा उद्योग परवडणारा वाटत नव्हता. शंकररावांनी तो रेटून नेला. ऐंशीच्या दशकात बंधारा उभा राहिला; आज १८ दरवाजे, सुमारे ८० दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा आणि ‘शंकर सागर’ असं नाव. त्याच परिसरात गुरुगोविंदसिंगजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ला आलं, १९९४ला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं विद्यापीठ आलं, पुढे शंकररावांच्याच नावाचं वैद्यकीय महाविद्यालय. पाण्यामागून वस्ती येते, तशी ती आली.

जॉन्सनच्या एकेका महिन्याच्या खेपांनी जी पिढी पोळली, तिने हे बांधलं. त्या पिढीच्या पुढाऱ्यांत मतभेद होते, गटबाजी होती, पण पुन्हा कुणाच्या बोटीची वाट पाहायची नाही यावर त्यांचं एकमत होतं. वि. स. पाग्यांची रोजगार हमी योजना बाहत्तरच्या कामांतून वर आली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. मुंबईचा पगारदार बीडच्या खडी फोडणाऱ्या बाईसाठी दरमहा पैसे देऊ लागला.

ते पाणी पुढे कुणी वापरलं, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होणार नाही. जे धान्य बाहेरून आणावं लागत होतं, त्याच्यासाठी म्हणून पाणी अडवलं. कालवा आला तिथे मात्र ऊस आणि केळी उभी राहिली. विष्णुपुरीच्या साठ्याचा मोठा भार नांदेड शहराच्या नळांनी घेतला. उन्हाळा लागला की पिण्यासाठी राखायचं किती आणि शेतीला सोडायचं किती, ही ओढाताण ठरलेली. ज्वारी मागे हटत गेली. आज मराठवाड्याच्या खरिपात ती शोधावी लागते.

तिच्या जागी आलं सोयाबीन. त्याचाही माग अमेरिकेत जातो. साठच्या दशकात अमेरिकी मदतीतून इलिनॉय विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत आले आणि त्यांनी अमेरिकी वाण इथल्या मातीत लावून पाहिले. मध्य प्रदेशातून ते पीक विदर्भात आणि मग मराठवाड्यात उतरलं. आता लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा शिकागोचा भाव आधीच मोबाइलवर आलेला असतो. २०१८ साली ट्रम्प यांच्याशी वाद पेटल्यावर चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं आणि शिकागोचा बाजार दहा वर्षांतल्या नीचांकावर आला; औसा-निलंग्याचा शेतकरीही त्या दिवसांत रोज दर विचारत होता.

ऑगस्ट २०२५मध्ये त्याच राष्ट्राध्यक्षांनी भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांच्या ऑर्डरी हातच्या जाऊ लागल्या. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. किनवट, हदगाव, भोकर भागातली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास लागते. तो कापूस गाडीत भरून बाजारात आला, तेव्हा परदेशी गाठी बंदरावर विनाशुल्क उतरत होत्या.